आधी प्रश्न, मग ‘डाय’

‘डॉक्टर, त्या डायशिवाय स्कॅन होणार नाही का?’ सीटी स्कॅनची चिठ्ठी हातात पडली की हा प्रश्न हमखास येतो. त्या इंजेक्शनने शेजाऱ्याची किडनी गेली असे कुणी ऐकलेले असते, कुणाला ॲलर्जीची धास्ती असते, तर कुणाला खर्चाची. याच्या अगदी उलट आग्रह धरणारेही भेटतात. ‘करायचाच आहे तर डाय टाकूनच करा, म्हणजे सगळे स्पष्ट दिसेल,’ असे त्यांचे म्हणणे असते. एकाला डाय म्हणजे विष वाटते, दुसऱ्याला जादूचा चष्मा. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत.

डाय नेमके काय दाखवतो आणि केव्हा द्यावा, हे समजून घ्यायला एक वेगळाच रुग्ण फार उपयोगी पडतो : घोडा. हा रुग्ण साधारण पाचशे किलो वजनाचा. ‘इथे दुखते’ असे तो सांगत नाही आणि ‘श्वास रोखा’ म्हटले तर रोखत नाही. त्याला यंत्रात आडवे करायचे तर पूर्ण भूल द्यावी लागते, आणि ती भूलच कधी कधी त्याच्या जिवावर बेतते. त्यामुळे डायची सिरिंज हाती घेण्यापूर्वी पशुवैद्याला स्वतःला विचारावेच लागते, की मला नेमके काय पाहायचे आहे आणि ते दिसले तर माझे उपचार बदलणार आहेत का? माणसांच्या डॉक्टरांनीही आणि रुग्णांनीही हा प्रश्न विचारायला शिकले पाहिजे.

रंग नसलेला ‘रंग’

बोलीभाषेत आपण त्याला डाय किंवा कलर म्हणतो. पण शिरेतून दिला जाणारा हा द्राव पाण्यासारखा स्वच्छ असतो. त्याचा ‘रंग’ फक्त क्ष-किरणांना दिसतो. क्ष-किरण किती अडवले जातात हे पदार्थातील अणूंच्या जडपणावर बरेचसे अवलंबून असते. हाडातील कॅल्शियमचा अणुक्रमांक 20, म्हणून हाड पांढरे दिसते. रक्त, स्नायू, यकृत, मेंदू हे सारे मुख्यतः कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रोजन अशा हलक्या अणूंचे बनलेले. त्यामुळे साध्या एक्स-रेवर ते जवळजवळ एकाच करड्या छटेत मिसळून जातात. रक्तवाहिनीत आयोडीनयुक्त द्राव सोडला, की आयोडीनचा अणुक्रमांक 53 असल्याने ती वाहिनी उठून दिसते. पोट आणि आतड्यांसाठी वापरतात त्या बेरियमचा अणुक्रमांक 56. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. तिथे गॅडोलिनियम हे चुंबकीय गुणधर्माचे मूलद्रव्य वापरतात आणि ते आजूबाजूच्या पाण्याच्या रेणूंकडून येणारा संदेश बदलते.

ही कल्पना क्ष-किरणांइतकीच जुनी आहे. रॉन्टजेन यांनी नोव्हेंबर 1895 मध्ये क्ष-किरण शोधले. जानेवारी 1896 मध्येच व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल यांनी मृत व्यक्तीच्या हाताच्या रक्तवाहिन्यांत पाऱ्याचे संयुग असलेले मिश्रण भरून त्या वाहिन्यांचे चित्र मिळवले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत हार्वर्डमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या वॉल्टर कॅनन यांनी बिस्मथचे संयुग हंसजातीच्या एका पक्ष्याला गिळायला दिले आणि घास गळ्यातून कसा उतरतो ते पडद्यावर पाहिले. पुढे त्यांनी मांजरांच्या पोटाच्या हालचालींचा अभ्यास केला. जिवंत शरीरात अशा पदार्थाच्या मदतीने पाहण्याची सुरुवात अशी प्राण्यांपासून झाली, आणि त्यातून मिळालेले ज्ञान माणसांच्या कामी आले. गेल्या काही दशकांत प्रवाह उलटा फिरला. माणसांसाठी तयार झालेले सुरक्षित डाय आता घोड्यांच्या उपचारांत वापरले जातात.

बंद डब्यातले बोट

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो. खूर म्हणजे त्या बोटाचे नख. हे नख बोटाच्या शेवटच्या हाडाला डब्यासारखे वेढून असते. हाड या डब्याच्या तळावर टेकलेले नसते, तर डब्याच्या आतल्या भिंतीला टांगलेले असते. भिंतीवर उभे, नाजूक असे सुमारे साडेपाचशे ते सहाशे पापुद्रे असतात आणि हाडाकडून आलेले तसेच पापुद्रे त्यांच्यात गुंतलेले असतात. दोन वह्यांची पाने एकमेकांत सरकवून ठेवावीत, तशी ही रचना आहे. साऱ्या शरीराचा भार या गुंतवणीवर तोललेला असतो.

लॅमिनायटिस या आजारात ही गुंतवण सुटू लागते. कारणे वेगवेगळी आहेत. धान्य अतोनात खाल्ल्यानंतर किंवा गंभीर जंतुसंसर्गात हा आजार होतो. संप्रेरकांचा बिघाड असलेल्या घोड्यांत तो होतो. एका पायाला मोठी इजा झाल्याने दुसऱ्या पायावर दीर्घकाळ भार पडला, तरीही होतो. पकड सुटली की हाड फिरते किंवा खाली घसरते. वेदना भयंकर असतात, कारण सूज यायला डब्यात जागाच नसते. 2006 ची केंटकी डर्बी जिंकणारा बार्बारो हा घोडा पुढच्याच शर्यतीत पाय मोडून बसला. हाडावरची शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती. पण नंतर दुसऱ्या पायांत लॅमिनायटिस झाला आणि जानेवारी 2007 मध्ये त्याला वेदनामुक्त मरण द्यावे लागले. त्याआधी 1989 मध्ये विख्यात सेक्रेटेरिएटचाही शेवट याच आजाराने झाला होता.

साध्या एक्स-रेवर हाड किती फिरले हे दिसते. म्हणजे नुकसान झाल्यावर कळते. पापुद्र्यांना रक्त पोहोचते आहे का, हे मात्र त्यावर दिसत नाही. त्यासाठी अमेरिकेतील पशुवैद्यांनी 1990 च्या दशकात खुराच्या नीलांचे चित्र घेण्याची पद्धत रूढ केली. तिला व्हेनोग्राम म्हणतात. तिची खुबी अशी, की ती उभ्या घोड्यावर करता येते. घोड्याला गुंगीचे औषध देतात, पायाच्या नसांजवळ इंजेक्शन देऊन खूर बधिर करतात. खुराच्या वरच्या सांध्यापाशी आवळपट्टी घट्ट बांधतात, म्हणजे द्राव वर पळत नाही. मग त्याखालच्या नीलेत बारीक सुई घालून साधारण 20 ते 30 मिलिलिटर आयोडीनयुक्त डाय सोडतात. शरीरातील बहुतेक नीलांमध्ये रक्त उलटे जाऊ नये म्हणून झडपा असतात; खुरातल्या नीलांत त्या नसतात. त्यामुळे डाय उलट दिशेने खाली उतरून सारे जाळे भरून काढतो. मिनिटाच्या आत एक्स-रे काढायचे आणि पट्टी सोडायची.

निरोगी खुरात या चित्रावर हाडाभोवती नाजूक जाळीची झालर दिसते. वर खुराच्या मुळाशी दाट पट्टा, समोर पापुद्र्यांतली रेघ, खाली तळव्याच्या कडेने हाडाच्या टोकाला वळसा घालणाऱ्या वाहिन्या. लॅमिनायटिसमध्ये समोरची रेघ तुटक होते किंवा नाहीशी होते. हाड खाली दाबले गेल्याने टोकाजवळच्या वाहिन्या चिरडल्या जातात. कधी कधी साध्या एक्स-रेवर फारसे काही नसतानाच व्हेनोग्राम धोका दाखवतो. त्यावरून पुढचे निर्णय होतात. नाल कसा ठोकायचा, टाच किती उचलायची, हाडाला मागे ओढणारा स्नायुबंध कापायचा का, हे पशुवैद्य आणि नालबंद मिळून ठरवतात. काही वेळा उत्तर इतके वाईट असते, की प्राण्याचे हाल थांबवणे हाच प्रामाणिक सल्ला उरतो. प्रत्येक शक्यतेसाठी पुढची कृती ठरलेली असते, म्हणूनच ही तपासणी करण्याजोगी ठरते.

चित्रही फसवते

या तपासणीत एक सापळा आहे. चित्रात रिकामी जागा दिसली, की तिथे रक्त पोहोचत नाही असे वाटते. पण आवळपट्टी सैल राहिली, डाय कमी पडला किंवा सुईबाहेर गळला तरी तशीच रिकामी जागा दिसते. घोड्याने त्या पायावर पूर्ण भार टाकलेला असेल तर वाहिन्या दाबल्या जातात आणि निरोगी खूरही आजारी भासतो. म्हणून इंजेक्शनच्या उत्तरार्धात पाय थोडा वाकवून त्यावरचा भार कमी करतात. उलट, एक्स-रेला उशीर झाला तर डाय वाहिन्यांतून बाहेर झिरपतो आणि चित्र धुरकट होते. शिवाय हे चित्र आवळपट्टी बांधून, उलट दिशेने भरलेल्या नीलांचे असते. रक्तप्रवाह किती वेगाने चालला आहे, हे त्यावरून मोजता येत नाही.

माणसांच्या स्कॅनलाही हेच लागू आहे. फुप्फुसाच्या धमनीत गुठळी शोधायची असेल तर डाय त्या धमनीत असतानाच्या मोजक्या सेकंदांत चित्र घ्यावे लागते. यकृतातील गाठ ओळखायची असेल तर वेगवेगळ्या टप्प्यांवर चित्रे लागतात, कारण गाठ डाय केव्हा घेते आणि केव्हा सोडते यावर निदान ठरते. चिठ्ठीवर नुसते ‘पोटाचा सीटी, डायसह’ असे लिहिले आणि शंका कशाची आहे ते लिहिलेच नाही, तर स्कॅन सुरेख निघूनही कामाचा न ठरण्याची शक्यता असते.

खिळा, मान आणि नाकातले रक्त

माथेरानसारख्या ठिकाणी आजही घोडा हे रोजच्या वाहतुकीचे साधन आहे. अशा घोड्याच्या तळव्यात खिळा घुसणे म्हणजे वरवर किरकोळ जखम. पण तळव्याच्या मध्यभागातून खिळा खोल गेला तर तो स्नायुबंध, त्यामागची वंगणद्रवाची पिशवी किंवा थेट सांधा गाठू शकतो. तिथे जंतू पोहोचले तर घोडा कायमचा लंगडा होतो, प्रसंगी दगावतो. खिळा निघाल्यावर भोक मिटून जाते आणि बाहेरून काही कळत नाही. अशा वेळी जखमेपासून दूर, स्वच्छ जागेतून सांध्यात किंवा त्या पिशवीत डाय सोडून एक्स-रे काढतात. डाय आतच राहिला तर दिलासा मिळतो. जखमेच्या वाटेने बाहेर झिरपला तर तातडीने आतली धुलाई करावी लागते. प्रश्न एका ओळीचा, उत्तर हो किंवा नाही.

दुसरे उदाहरण मानेचे. थरोब्रेडसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या जातींत तरुण घोडा कधी कधी झोकांड्या देत चालू लागतो. मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दाबला गेल्याची शंका येते. साध्या एक्स-रेवर मणके दिसतात, रज्जू दिसत नाही. मग भूल देऊन डोक्यामागच्या बाजूने मेंदू-मज्जाद्रवात साधारण 50 मिलिलिटर डाय सोडतात आणि मान सरळ ठेवून व वाकवून चित्रे घेतात, कारण काही ठिकाणचा दाब मान वाकवल्यावरच उघड होतो. नंतर डाय मेंदूकडे जाऊ नये म्हणून डोके उंच ठेवतात, तरीही काही घोड्यांना झटके येतात. एवढा धोका पत्करायचा, कारण असा घोडा स्वाराला घेऊन कोसळू शकतो. इथे निदान दोन जिवांसाठी असते.

तिसरे उदाहरण घोड्याच्या शरीररचनेतूनच येते. त्याच्या घशाच्या दोन्ही बाजूंना हवेने भरलेल्या मोठ्या पिशव्या असतात. मेंदूकडे जाणारी धमनी तिथल्या भिंतीलगत जाते. पिशवीत बुरशी वाढली तर ती धमनी कुरतडते आणि एके दिवशी नाकातून रक्ताची धार लागते. पहिल्या रक्तस्रावातून वाचलेला घोडा पुढच्या वेळी वाचेलच असे नाही. त्यासाठी धमनीत बारीक नळी घालून, डाय सोडून नकाशा काढतात आणि दुखावलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना धातूची बारीक वेटोळी बसवून ती वाहिनी बंद करतात. वाहिन्यांची रचना प्रत्येक घोड्यात थोडी वेगळी असते. नकाशा न पाहता चुकीची वाहिनी बंद केली तर नजरेवर परिणाम होऊ शकतो.

भुलीचा हिशेब

घोड्याच्या बाबतीत डाय हा बहुधा सर्वांत मोठा धोका नसतो, भूल असते. मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहण्यांनुसार पूर्ण भूल दिलेल्या घोड्यांपैकी साधारण शंभरात एक दगावतो. पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रियांत हे प्रमाण आणखी जास्त असते. एवढे वजन आडवे झाले की खालचे स्नायू आणि फुप्फुस दाबले जातात, आणि शुद्धीवर येताना धडपडत उठण्याच्या प्रयत्नात हाड मोडण्याची भीती असते. म्हणूनच उभ्या घोड्याच्या पायाचा एमआरआय, उभ्या घोड्याचा सीटी अशा सोयी विकसित झाल्या. तरीही प्रौढ घोड्याचे धड नेहमीच्या सीटी यंत्रात मावत नाही. पोटाची तपासणी बरीचशी सोनोग्राफी आणि हाताने करावी लागते. आतड्याच्या बेरियम तपासणीचा उपयोग मुख्यतः शिंगरांत होतो.

डायच्या मात्रेचाही हिशेब आहे. माणसाच्या सीटीला साधारण 80 ते 100 मिलिलिटर लागतो. वजनाच्या प्रमाणात घोड्याला शिरेतून द्यायचा तर अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक लागेल. म्हणून शक्य तिथे तो त्या पायाच्या धमनीत, सांध्यात किंवा नीलेतच थोडा सोडतात. गरज असेल तिथेच, गरजेपुरता.

मग आपण घाबरायचे का?

आता पुन्हा माणसांकडे येऊ. डायबद्दलची भीती निराधार नव्हती. जुने आयनिक डाय रक्तापेक्षा कितीतरी जास्त संहत होते आणि त्रासही जास्त देत. स्वीडनचे रेडिओलॉजिस्ट टॉर्स्टेन आल्मेन यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस कमी संहत, नॉन-आयनिक डायची कल्पना मांडली. खाऱ्या समुद्रात पोहताना डोळे झोंबतात, कमी खारट पाण्यात झोंबत नाहीत, या साध्या अनुभवातून ती सुचली असे सांगितले जाते. जपानमध्ये 3 लाखांहून अधिक तपासण्यांची पाहणी 1990 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत तीव्र प्रतिक्रियांचे प्रमाण जुन्या डायमध्ये दहा हजारांत सुमारे 22, तर नव्यात सुमारे 4 आढळले. आज सीटीसाठी नवेच डाय वापरतात.

इंजेक्शनच्या वेळी अंगात उष्णतेची लाट येणे, तोंडाला धातूची चव येणे, लघवी झाल्यासारखे वाटणे हे नेहमीचे आहे. ती ॲलर्जी नव्हे. पित्त उठणे, श्वास लागणे, चक्कर येणे, घसा आवळणे किंवा सुईच्या जागी आग होऊन सूज येणे हे मात्र ताबडतोब सांगायला हवे. मासे-कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांना डाय चालत नाही, ही समजूत चुकीची आहे. कोळंबीची ॲलर्जी तिच्यातील प्रथिनांची असते, आयोडीनची नसते. पूर्वी डायमुळेच तीव्र त्रास झाला असेल, तर ती माहिती सर्वांत महत्त्वाची.

किडनीचे काय? पूर्वी वाटत होता त्यापेक्षा हा धोका बराच कमी आहे, असे अलीकडच्या अभ्यासांतून दिसते. किडनीची कार्यक्षमता मोजणारा ईजीएफआर हा आकडा 30 च्या खाली असेल किंवा किडनीला नुकतीच अचानक इजा झाली असेल, तर खरी काळजी घ्यावी लागते. अशा वेळी सलाइन देणे, दुसऱ्या तपासणीचा विचार करणे, मेटफॉर्मिन थांबवून 48 तासांनंतर किडनी तपासून पुन्हा सुरू करणे असे उपाय असतात. पण जीव धोक्यात असेल तर किडनी कमजोर असूनही डाय द्यावा लागतो. महाधमनी फाटल्याची किंवा आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका असताना भीतीपोटी साधा स्कॅन करून घेणे म्हणजे निदान हातचे घालवणे होय.

दुसऱ्या बाजूने, प्रत्येक स्कॅनला डाय लागत नाही. मूतखडा शोधायचा असेल, डोक्याला मार लागल्यावर मेंदूतील रक्तस्राव पाहायचा असेल, तर साधा सीटीच योग्य. अशा वेळी डायचा हट्ट धरून अधिक काही पदरात पडत नाही.

म्हणून पुढच्या वेळी चिठ्ठी हातात पडली की ‘डाय नको’ किंवा ‘डाय हवाच’ असे म्हणण्याऐवजी डॉक्टरांना विचारा, की या तपासणीतून कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, आणि ते मिळाल्यावर उपचारांत काय बदलेल. स्वतःहून सांगा : पूर्वीचा त्रास, दमा, किडनीचा किंवा थायरॉइडचा आजार, मधुमेहाच्या गोळ्या, गरोदरपणाची शक्यता. बाळाला अंगावर पाजत असाल तर तेही सांगा. आयोडीनयुक्त डायनंतर पाजणे थांबवण्याची सहसा गरज नसते. जुने स्कॅन आणि क्रिएटिनिनचा ताजा अहवाल सोबत न्या.

घोड्याला यातले काहीच सांगता येत नाही; त्याच्या वतीने सारा विचार पशुवैद्यालाच करावा लागतो. आपल्याला वाचा आहे. डॉक्टरने प्रश्न नेमका लिहिला आणि रुग्णाने माहिती पूर्ण दिली, तर त्या पाण्यासारख्या द्रवाच्या शंभर मिलिलिटरमधून जे दिसते, त्याने अनेकदा शस्त्रक्रिया टळते आणि अनेकदा जीव वाचतो.